डाव्या अंगाची धार

झुंबरबाई डावरी होती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडावर कोणी बोलत नसे, कारण तिच्याएवढी ज्वारी सोंगणारी बाई आसपासच्या पाच गावांत दुसरी नव्हती. लहानपणी भोकरदनकडे माहेरी ती डाव्या हाताने जेवायला लागली, तेव्हा आईने तव्यावरचं उलथनं त्या हातावर टेकवलं होतं. डाग अजून होता. तेव्हापासून जेवण, वाढणं, कुंकू लावणं सगळं उजव्या हाताने. पण विळा हातात आला की तो आपोआप डाव्या मुठीत जायचा. तिथं आईचं उलथनं पोचलं नव्हतं.

सोंगणीला बाया ओळीने उभ्या राहिल्या की प्रत्येकीच्या वाट्याला पाच-सहा ओळींची पट्टी येते. तिला पात म्हणतात. झुंबरबाईची पात ठरलेली होती, अगदी डाव्या टोकाची, बांधाच्या कडेची. तिचा विळा बांधाकडे चालायचा आणि शेजारच्या द्वारकाबाईचा उजवीकडे, म्हणजे कुणाच्या विळ्याला कुणाचा हात सापडत नसे. दुपारपर्यंत झुंबरबाई सगळ्यांच्या पुढे वीस-पंचवीस पावलं गेलेली असायची. द्वारकाबाई मागून ओरडायची, "अगं बये, थांब की जरा! तुला काय ज्वारी आंदण देऊन राह्यलेत का?" आणि झुंबरबाई हसायची. त्या हसण्यात गर्व होता, आणि का नसावा? अंगावर धड लुगडं नव्हतं, नवरा पाटलाच्या घरचा सालगडी, स्वतःच्या नावावर वावभर रान नाही. जे काय होतं ते त्या बांधाच्या कडेला होतं.

तिचा विळा कारभारी लोहाराने केलेला होता. ती नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी पहिल्याच सोंगणीत, सासूच्या उजव्या विळ्याने ती डाव्या हाताने कापत होती आणि नडगी रक्ताळून घेत होती. विळ्याची धार एकाच अंगाने उतरती असते, दुसरं अंग सपाट. हात बदलला की पातं ताटात शिरतच नाही, वर सरकतं नाहीतर खाली पायावर येतं. कारभारी तेव्हा पाटलाच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायला शेतात आला होता. त्याने नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी त्याची बायको तुळजाबाई एक विळा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "घे गं पोरी. ह्यो तुव्ह्या हाताचा हाये." उतार डाव्या अंगाला. झुंबरबाई त्या दिवशी न्हाणीत जाऊन रडली होती. तिच्या त्या हातासाठी जगात कोणी काही केलं असं पहिल्यांदाच घडलं होतं.

याला अठरा वर्षं झाली. पातं झिजून निम्म्यावर आलं होतं, पण दर पोळ्यानंतर कारभारी त्याला तापवून-ठोकून शेवटून द्यायचा आणि ते पुन्हा केस कापण्याजोगं व्हायचं.

निजामी राज्यातल्या फसली तेराशे सेहेचाळीसच्या, म्हणजे एकोणीसशे सदतीसच्या माघात बदनापूर टेसनावर उतरून भालचंद्र नावाचा एक एजंट गावात आला. डोक्यावर काळी टोपी, पायात बूट, बरोबर बैलगाडीत दोन पेट्या आणि एक कर्ण्याचा फोनो. पारावर फोनो लागला तशी पोरंबाळं, बाया, म्हातारे सगळे गोळा झाले. गाणं संपल्यावर भालचंद्रने पेटी उघडली. आत निळ्या मखमलीवर विळे मांडलेले. चकाकणारे, आरशासारखे, मुठीवर पितळेची कडी आणि पात्यावर विजेचं चित्र.

"मंडळी, हा बिजली छाप विळा," तो म्हणाला. "विलायती पोलाद. तीन पिढ्या धार लावायची गरज नाही. आजा कापेल, बाप कापेल, नातू कापेल. ही पाहा हमी, उर्दूत आणि मराठीत, शिक्क्यासकट."

त्याने जाड तार घेतली आणि विळ्याने सटासट तिचे तुकडे केले. मनगटावरचे केस भादरून दाखवले. मग म्हणाला, "गावात लोहार असेल ना? त्याचा विळा आणा. परीक्षा होऊन जाऊ द्या."

कारभारी मागे उभा होता. लोकांनी त्याला पुढे ढकललं. त्याच्या पिशवीत नवा केलेला एक विळा होता, तो त्याने दिला. भालचंद्रने दोन्ही विळे धारेवर धार धरून एकमेकांवर मारले. कारभाऱ्याच्या विळ्याला गव्हाएवढा दाता पडला. बिजलीला ओरखडासुद्धा नाही. पोरं ओरडली, मोठी माणसं हसली. वाईट हेतूने नाही, पण हसली. कारभाऱ्याने विळा परत घेतला, दात्यावरून अंगठा फिरवला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

किंमत ऐकून बहुतेकांचं हसू आटलं. एका विळ्याला साडेतीन रुपये हाली, निजामी शिक्क्याचे. तेवढ्यात चांगली दुभती शेळी आली असती. पण रामराव पाटील पारावर पुढे बसले होते आणि भालचंद्रने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं की औरंगाबादेकडच्या एका जहागीरदाराने चाळीस घेतलेत, सोंगणी निम्म्या दिवसांत उरकली. रामराव पाटलांना जहागीरदाराचं नाव निघालं की झालं. त्यांनी पंचवीस घेतले. वर एजंटने मखलाशी केली होती, जुना विळा मोडीत दिला तर नव्यावर सूट. पाटलांनी गड्यांना सांगितलं, "सोंगणीच्या बायांचे जुने इळे गोळा करा. औंदा मव्ह्या शेतात मव्हाच इळा चालंल."

झुंबरबाई विहिरीवरून आली तेव्हा वळचणीला खोचलेला विळा जाग्यावर नव्हता.

"इळा कुठंय?"

तिचा नवरा मच्छिंद्र चिलीम भरत होता. मान वर न करता म्हणाला, "पाटलाकडं दिला. सगळ्याहीचेच दिले."

"मव्हा कामून दिला? तो डावा हाये! तुमाला म्हाईत न्हाई का?"

"मंग काय पाटलाला सांगू, मव्ही बायको डावरी हाये म्हून? गप नवा घे. चकचकीत हाये चांगला."

ती तशीच घागर टाकून पाराकडे पळाली. एजंटची गाडी निघून गेली होती. गाडीत मोडीचं पोतं होतं म्हणे, आणि ते टेसनाकडे गेलं होतं. ती पाराच्या कडेला उभी राहिली. चप्पल घालायची राहिली होती, पायात गोखरू रुतला होता, आणि तिला इतकं पोरकं कधी वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा.

सोंगणी सुरू झाली. पहाटेच्या गारठ्यात पाटलांनी स्वतः विळे वाटले आणि सांगितलं की संध्याकाळी मोजून परत घेणार. बाया नवे विळे उजेडाकडे फिरवून त्यात आपली तोंडं पाहत होत्या. झुंबरबाईने तो डाव्या हातात धरला, ताटांची मूठ कवळली आणि ओढला. पातं वर सरकलं, ताटांची सालं सोलून निघाली. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा विळा खाली घसरला आणि नडगीवर बसला. रक्त आलं. तिने माती लावली.

मग तिने उजव्या हातात घेतला. उजव्या हाताला कसलीच सवय नव्हती. दुपारी सगळी ओळ तिच्या पुढे होती. ज्या पोरींना तिने गेल्या साली पेंढी बांधायला शिकवली त्यासुद्धा. बांधावरून रामराव पाटील ओरडले, "झुंबर, म्हातारी झाली का गं? का नव्या इळ्याची लाज वाटून राह्यली?" सगळे हसले. द्वारकाबाई हसली नाही. ती आपली पात सोडून मागे आली आणि झुंबरबाईच्या दोन ओळी कापून गेली. ते तर हसण्याहूनही लागलं.

असे तीन दिवस गेले. उजवा खांदा सुजून वर आला, डाव्या नडगीला चार घाव. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विळे मोजून घेताना गडी चिलमीच्या नादात होता. झुंबरबाईने आपला विळा पदराखाली घेतला आणि सरळ लोहाराच्या मेटावर, त्याच्या भट्टीपाशी गेली.

कारभारी विस्तवापाशी नुसता बसला होता. भाता बंद होता. सुगीच्या दिवसांत या वेळी त्याच्या दारात बायांची रीघ असायची. औंदा कोणी नव्हतं. तिने विळा पुढे धरला तसा तो म्हणाला, "त्याला म्या हात लावणार न्हाई. हमी हाये ना त्याची तीन पिढ्याची? जाय, नातवाला घिऊन ये."

"मामा..."

"मामा न्हाई आन् काका न्हाई. पाराव हसले तवा तू बी हुतीस."

"म्या न्हाई हसले." तिने लुगडं घोट्याच्या वर उचललं. विस्तवाच्या उजेडात नडगी दिसली. तुळजाबाई आतून कंदील घेऊन आली, वाकून पाहिलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला उठावंच लागलं.

त्याने विळा हातात घेतला. नखाने वाजवला, कानाशी नेला. कानसीचा एक घासा मारला. वरची चकाकी निघून आतलं करडं लोखंड दिसलं. मग नाइलाज झाल्यासारखा म्हणाला, "लोखंड वाईट न्हाई. म्या म्हणलं आसतं वाईट हाये, मला बरं वाटलं आसतं. पण न्हाई. लोखंड चांगलं हाये, पाणी खोटं हाये. शंभर-शंभर इळे एकदम बुडवले आसतील. कुनी येकाकडं बी बघितलं न्हाई. हे आठ दिसात बोथट हुनार."

"आन् तार कापली ती?"

"ज्यानं तार कापली तो इळा त्याच्या दुसऱ्या पेटीत परत गेला. म्या पाहून राह्यलो हुतो. इकले ते दुसरे."

"मंग तवाच कामून न्हाई बोलले?"

"हातात दाता पडलेला इळा धरून बोलू?" कारभारी म्हणाला. "कोन ऐकलं आसतं?"

भट्टी पेटली. तुळजाबाईने पदर खोचला आणि घण उचलला. साठीला टेकलेली बाई, पण घण खाली यायचा तो नेमका नवऱ्याच्या हातोडीने दाखवलेल्या ठिकाणी. तो टिचकी मारायचा, ती घाव घालायची. उजवा उतार सपाट झाला, डाव्या अंगाने नवा उतार निघाला. विजेचं चित्र मुठीजवळ होतं, ते तेवढं राहिलं. मग त्याने तुळजाबाईला कंदील झाकायला सांगितला. पात्याचा रंग अंधारात कळतो. काळपट लाल, मग लालभडक, मग कडेला केशरी झाक यायच्या आधीच त्याने ते पाण्यात सोडलं. चर्र आवाज झाला. ते तिघंही त्या आवाजाकडे कान लावून होते.

"कुनाला सांगू नको," विळा देताना तो म्हणाला. "पाटलाची वस्तू हाये. म्या तिला हात लावला म्हणलं तं बलुतं जाईल. औंदा तेवढंच हाये घरात."

"मेले तरी न्हाई सांगायची," झुंबरबाई म्हणाली, आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या बांधाच्या कडेला परत गेली. डाव्या हाताने पहिली मूठ कापली तेव्हा ताटं नुसती आडवी झाली, आवाजही आला नाही. दुपारपर्यंत ती ओळीच्या वीस पावलं पुढे होती. संध्याकाळी विळा मोजून द्यायची आणि सकाळी चित्राजवळच्या एका बारीक खुणेवरून तोच ओळखून उचलायची. पाटील खूश झाले. चारचौघांत म्हणाले, "पाहा, झुंबरला बिजली मानवली."

बाकीच्या बायांना मात्र मानवली नाही. कारभाऱ्याने आठ दिवस म्हटले होते, त्याआधीच, सहाव्या दिवशी विळे ताटं कापायचे सोडून चावू लागले. बाया ओढत होत्या, ताटं मुळासकट उपटून येत होती, तळहातांना फोड आले होते. मुठी हलू लागल्या. आणि फाल्गुन लागता लागता पश्चिमेला आभाळ काळं दिसू लागलं. पिकलेल्या ज्वारीवर गारा पडल्या तर वर्षाचा दाणा मातीत जाणार होता. पाटलांचा आवाज दिवसेंदिवस चढत होता. हमीत धार लावायची गरज नाही असं लिहिलेलं, म्हणून धार लावायला द्यायची तर पाटलांनाच खाली पाहावं लागणार. त्यांनी कारभाऱ्याला बोलावलं ते फक्त मुठी पक्क्या करायला. "पात्याला हात लावू नको, बराबर?" असं बजावून. तो बाभळीखाली बसून परक्या विळ्यांच्या मुठी ठोकत होता.

त्याच दिवशी भालचंद्र परत आला. बरोबर तीन गावचे पाटील, घोड्यावरून आलेले. बिजलीचं काम प्रत्यक्ष दाखवायला त्याला यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार? रामराव पाटलांनी बोथट विळ्यांचं गाऱ्हाणं पाहुण्यांसमोर काढलं नाही. आपण फसलो हे सांगायला मोठं मन लागतं, आणि त्यांचं तेवढं मोठं नव्हतं. त्यांनी पाहुण्यांना सरळ बांधाच्या कडेला आणलं.

"ही बाई पाहा," रामराव म्हणाले. "बारा दिवस झाले, इळ्याला धार न्हाई लावली."

सगळे उभे राहून पाहू लागले. झुंबरबाईचा हात चालत होता. ताटं आडवी होत होती. भालचंद्रने तिला थांबवून विळा मागून घेतला, उन्हात धरला.

"बाई, या मंडळींना सांगा. कसा काय विळा?"

तिने घाम पुसला. पाटील तिच्याकडे पाहत होते. दूर खळ्याकडे मच्छिंद्र कडब्याची गाडी भरत होता, तोही थांबला होता. बाभळीखाली कारभाऱ्याची हातोडी चालू होती.

"बराबर कापतो," ती म्हणाली.

खोटं काहीच नव्हतं त्यात.

"ऐकलंत?" भालचंद्र म्हणाला. "मी नाही सांगत, ही अडाणी बाई सांगते आहे. हिला काय मी पैसे दिलेत?" पाहुण्यांतला एकजण म्हणाला, मला तीस लागतील. दुसरा म्हणाला, आमच्या गावाला पन्नास पाठवा, आन् जुने मोडीत घेता ना? भालचंद्रने खिशातून वही काढली. "तुमच्या गावाचं नाव काय म्हणालात? आणि बाई, तुझं नाव काय? छापील कागदावर टाकू. झुंबरबाई म्हणे, बिजलीच खरी!"

बाभळीखालची हातोडी थांबली होती. कारभारी मान खाली घालून हातातली मूठ पाहत होता. वर पाहिलं असतं, डोळे वटारले असते, तर तिला सोपं गेलं असतं. त्याने गप्प राहायला सांगितलं होतं आणि तो स्वतः गप्प बसला होता. इतक्या गावांतली मेटं थंड होणार होती, आणि ती त्याच्याच हाताच्या धारेने. नवऱ्याची पाटलाकडची सालदारी आठवली, पाटलाचा राग आठवला, आणि तरी तोंडातून शब्द निघालेच.

"त्याला पाणी कारभारीमामानं दिलंय," ती म्हणाली. "धार बी त्याहीचीच हाये. बिजलीचं तेवढं चित्र हाये."

तिने ओळीतल्या बायांकडे हात केला.

"मव्हं खोटं वाटत आसंल तं दुसऱ्या कुनाचा बी इळा घ्या. कापून पाहा."

तीन पाहुण्यांत बद्रीनाथ पाटील सगळ्यांत म्हातारे. त्यांनी द्वारकाबाईच्या हातातला विळा घेतला, दोन ताटं ओढून पाहिली. ताटं मोडली, कापली नाहीत. मग झुंबरबाईच्या विळ्यावरून अंगठा फिरवला. दोन्ही विळे परत दिले आणि घोड्याकडे चालू लागले. पण बाकीचे दोघे शब्द देऊन बसले होते. भालचंद्रला भानावर यायला वेळ लागला नाही. "पाहा, हेच ते!" तो म्हणाला. "गावठी लोहाराने हात लावला की हमी संपली. बाकीच्यांनाही यानेच काही केलं असणार. पाटीलसाहेब, तुमच्या मालाची नासाडी झाली आहे." आणि ते दोघे, पटलं म्हणून की सोयीचं वाटलं म्हणून, माना हलवू लागले. त्यांचे विळे पुढे आलेच. ते काही टळलं नाही.

रामराव पाटलांचं तोंड काळंनिळं झालं होतं. पाहुण्यांसमोर गेलेली लाज कुणावर तरी काढायला हवी होती. "कारभारी," ते ओरडले, "पात्याला हात लावू नको म्हणलं हुतं का न्हाई? ऊठ इथून. औंदा खळ्याव येऊ नको. तुव्हं बलुतं बंद."

कारभाऱ्याने हत्यारं पिशवीत भरली. जाताना झुंबरबाईच्या बाजूने गेला. ती म्हणाली, "मामा, चुकलं मव्हं." तो थांबला नाही.

घरी मच्छिंद्र तिला मारायला उठला आणि न मारता खाली बसला. "तुला ईचारलं हुतं तेवढंच सांगायचं हुतं," तो म्हणाला. "बराबर कापतो. झालं की! पुढचं कामून?" तिला रडू येत होतं ते त्याच्या बोलण्याने नाही. शब्द दिलेला मोडला, आणि ज्याच्यासाठी मोडला त्याचाच घास गेला, याने ती आतून पिळून निघाली होती.

सोंगणी पुढे चालूच राहिली. तिचा विळा पाटलांनी काढून घेतला आणि एक बोथट दिला, उजवा. पण एवढं झालं की तिसऱ्याच दिवशी गड्यांनी गुपचूप दगडावर विळे घासायला सुरुवात केली आणि पाटलांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. गारा पडल्या त्या शेजारच्या शिवारात. गावात बोललं जाऊ लागलं की कारभारी भाता-ऐरण गाडीत घालून जालन्याला जिनिंगमध्ये कामाला जाणार.

बलुत्याच्या दिवशी खळ्यावर सगळे जमले. मधे कणसासकट पेंढ्यांची गंजी, बाजूला पाटील खाटेवर. सुतार आला, त्याच्यापुढे पाचुंदे टाकले. न्हावी आला, परीट आला, महार आले, कुंभार आला. प्रत्येकाने आपलं उचललं. कारभारी येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. तो आला. धुतलेलं पागोटं बांधून, दोरी घेऊन, दरवर्षी उभा राहायचा त्याच जागी येऊन उभा राहिला. मागे तुळजाबाई.

पाटलांनी त्याच्यावरून नजर अशी नेली की जणू तिथं कोणी उभंच नाही. गडी पुढच्या माणसाकडे वळले. कारभारी उभा. लोक इकडेतिकडे पाहू लागले. म्हातारा माणूस, हातात दोरी, आणि समोर कोणी एक काडीसुद्धा टाकत नाही. द्वारकाबाईने तोंडात पदर घातला.

बायांची शेवटच्या दिवसाची मजुरीची पेंढी सकाळीच वाटली होती. झुंबरबाईच्या पायाशी तिची पेंढी होती. औंदा इतरांपेक्षा लहानच, उजव्या हाताने कापलेली. ती वाकली, पेंढी उचलली आणि गंजीसमोरून सरळ चालत जाऊन कारभाऱ्याच्या पुढे ठेवली.

ज्याला शेत नाही त्याने बलुतं द्यायचं नसतं. त्याला तसा मानच नसतो. हे कारभाऱ्यालाही ठाऊक होतं, तिलाही, आणि खळ्यावरच्या प्रत्येकाला.

"हे काय?" रामराव पाटील म्हणाले.

"बलुतं," झुंबरबाई म्हणाली. "म्या अठरा साल त्याहीच्या इळ्यावर खाल्लं. मव्ह्याकडून कुनी कधी मागितलंच न्हाई."

पाटील खाटेवरून उठले नाहीत. नुसतं मच्छिंद्रकडे वळून म्हणाले, "मच्छिंद्र, पाडव्यापून दुसरं दार पाहा."

मच्छिंद्र गाडीच्या जुवाला हात लावून उभा होता. त्याने मान खाली घातली. झुंबरबाई जागची हलली नाही. कारभाऱ्याने पेंढीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याचा हात दोरीपाशी अडला होता. आपण उचलली नाही तर कदाचित हिचं घर वाचेल, असं त्याच्या मनात आलं असावं.

"उचला, मामा," ती हळूच म्हणाली. "आता मागं नेऊन काय करू?"

त्याने दोरी पसरली. पेंढी दोरीवर घेतली, गाठ मारली, ओढून पाहिली. एका पेंढीला एवढी गाठ लागत नाही, पण त्याने भारा बांधताना मारतात तशीच मारली. मग ती डोक्यावर घेऊन तो उभा राहिला आणि साऱ्या खळ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "लोहाराचं बलुतं पाचुंद्यानं आसतंय, झुंबर. पाच पेंढ्या. चार राह्यल्या तुव्ह्याकडं. पुढच्या सुगीला मेटावर आणून दे."

"देते," ती म्हणाली.